तिसऱ्या डब्यातलं औषध

१

तांबडा घोडा बुधवारी सकाळी त्याच्या ठाणात आडवा सापडला. तोंडाला फेस नव्हता, अंगावर जखम नव्हती. आदल्या संध्याकाळी त्याने दाणा अर्धा टाकला होता आणि दोन-तीनदा मान वळवून स्वतःच्या पोटाकडे पाहिलं होतं, एवढंच पागेतल्या लोकांना आठवत होतं.

जनावरांच्या कॉलेजची ती पागा. तिथे तेवीस दिवसांपासून एक प्रयोग चालू होता. स्वारीच्या शाळेतल्या आठ घोड्यांना पोटात अल्सर होते. घोड्याच्या पोटात ॲसिड दिवसरात्र झिरपत असतं, तो खात असो वा नसो. त्यामुळे पोटाचा वरचा भाग सोलपटतो. ॲसिड कमी करणारं औषध दिलं तर हे अल्सर किती भरतात, हे पाहायचं होतं. आठपैकी चार घोड्यांना औषधाची पेस्ट आणि चार घोड्यांना तशीच दिसणारी, पण नुसतीच पेस्ट. कुणाला काय मिळतंय ते कुणालाच माहीत नसावं म्हणून यादी बंद पाकिटात घालून विभागप्रमुख डॉक्टरांच्या कपाटात ठेवलेली.

शवविच्छेदनासाठी बाईंना बोलावलं. बाई तीन वर्षांपूर्वी याच कॉलेजातून निवृत्त झाल्या होत्या. चौतीस वर्षं त्यांनी जनावरांची पोटं उघडून पाहिली होती. विद्यार्थी त्यांना पाठीमागे ‘पोटवाल्या बाई’ म्हणत आणि त्यांना ते माहीत होतं. या प्रयोगातल्या घोड्यांच्या पोटात दुर्बिणीची नळी घालून जे फोटो काढले जात, तेही बाईच वाचून देत. शब्दाला पक्क्या. चुकल्या असं कुणाला आठवत नव्हतं, त्यांना स्वतःलाही नाही.

तांबड्याच्या जठराला आरपार भोक पडलं होतं. रुपयाएवढं. बाईंनी आतल्या द्रवात रंग बदलणारी कागदाची पट्टी बुडवली. पट्टी लालभडक झाली.

शेजारी उभे असलेले डॉक्टर म्हणाले, “पण याला तर औषध चालू होतं.”

बाईंनी मान हलवली. औषध पोटात गेलं असतं तर इतकं ॲसिड राहिलंच नसतं. तासाभराने सगळ्यांसमोर पाकीट फोडलं. तांबड्याचा नंबर तीन. तीन नंबरला औषधच होतं.

बाईंनी अहवालात शेवटचं वाक्य लिहिलं. ‘या जनावराला नेमून दिलेलं औषध दिलं गेलेलं नाही, डोस देण्यात हलगर्जी झाली असावी.’ ते लिहिताना त्यांचा हात एकदाही थांबला नाही.

पेस्टचा डोस रोज सकाळी मोतद्दार पिचकारीने द्यायचा. बावीस वर्षं त्याच पागेत घोड्यांची निगा राखणारा माणूस. डॉक्टरांनी अहवाल वाचला आणि त्याला उभ्या उभ्या घरी जायला सांगितलं. पागेच्या दारात त्याच्या पिशवीची झडती झाली, चोरलेलं औषध सापडतंय का ते बघायला. एक टॉवेल, एक डबा आणि घोड्याचे खूर साफ करायची आकडी निघाली. ती आकडी त्याची स्वतःची होती. तरी काढून घेतली.

बाई तिथेच हात धूत होत्या. जाता जाता मोतद्दार त्यांच्यापाशी थांबला. रागावला नव्हता. उलट तोच ओशाळल्यासारखा दिसत होता.

“बाई, मी तांबड्याला रोज औषध दिलं. तिसऱ्या डब्यातलं. रिकाम्या पिचकाऱ्याही ठेवल्यात सगळ्या, तुम्हीच सांगितलं होतं म्हणून.”

तो गेला. बाईंच्या हातावरून पाणी वाहत राहिलं. रिकाम्या पिचकाऱ्या ठेवायला त्यांनीच सांगितलं होतं हे खरं होतं. पण अहवाल लिहिण्याआधी त्या पाहायच्या, हे मात्र त्यांना सुचलं नव्हतं.

२

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई पागेत गेल्या. खोगीरं ठेवायच्या खोलीत भिंतीला एक फळी होती आणि फळीवर आठ पत्र्याचे डबे, एक ते आठ. दर सोमवारी सकाळी प्रयोगावर काम करणारी संशोधक मुलगी औषधविभागातून नंबर घालून आलेल्या खोक्यांतून प्रत्येक डब्यात आठवड्याच्या सात पिचकाऱ्या ठेवायची. मोतद्दार रोज दाण्याआधी डबा बघून पिचकारी उचलायचा आणि घोड्याच्या गालात रिकामी करायचा. वापरलेल्या पिचकाऱ्या त्याने प्रत्येक घोड्याच्या वेगळ्या पिशवीत, दर आठवड्याची वेगळी जुडी बांधून, खिळ्यांना टांगल्या होत्या. इतकी टापटीप बाईंनी प्रयोगशाळेतही क्वचित पाहिली होती.

त्यांनी संशोधक मुलीला व्हिनेगर आणायला सांगितलं. मुलगी गोंधळली, पण घेऊन आली.

“हे औषध आंबटाला लागलं की तपकिरी पडतं,” बाई म्हणाल्या. “नुसती पेस्ट पांढरीच राहते.”

तीन नंबरच्या पिशवीत तेवीस पिचकाऱ्या होत्या. प्रत्येकीच्या टोकाशी पेस्टचा वाळका कण चिकटलेला. बाई एकेकीवर थेंब टाकत गेल्या. पहिल्या सात पिचकाऱ्यांची टोकं बघता बघता तपकिरी झाली. आठवी पांढरी. नववी पांढरी. तेविसावीपर्यंत सगळ्या पांढऱ्या.

मुलीचा चेहरा पडला. बाईंनी तिला बाकीच्या पिशव्याही आणायला लावल्या. एक, दोन, चार, पाच, सात, आठ, सगळं यादीबरहुकूम. सहा नंबर मात्र उलटा. पहिल्या सात पांढऱ्या, पुढच्या सोळा तपकिरी.

म्हणजे मोतद्दार खरं बोलत होता. त्याने रोज तिसऱ्या डब्यातलंच दिलं होतं. पण दुसऱ्या आठवड्यापासून कुणीतरी तिसऱ्या आणि सहाव्या डब्यातल्या पिचकाऱ्यांची अदलाबदल करत होतं.

“प्रत्येक पिचकारीवर घोड्याच्या नंबरची चिठ्ठी असायला हवी होती,” बाई म्हणाल्या. “नोंदवहीत रोज लिहिलंयस, चिठ्ठ्या तपासल्या म्हणून. या पिचकाऱ्यांवर एकही चिठ्ठी नाही.”

मुलीने हळूहळू सांगितलं. पहिल्या आठवड्यात लावल्या होत्या. त्या ओल्या हाताने निघून यायच्या. छप्पन्न चिठ्ठ्या कापायच्या, चिकटवायच्या. डब्यांवर नंबर आहेतच, मग कशाला, असं वाटलं. नोंदवहीत मात्र महिन्याभराचं आधीच भरून टाकलं. एका बैठकीत, एकाच पेनाने. हे सांगताना ती ओढणीच्या टोकाने उगाच फळी पुसत होती.

“काल मोतद्दारकाकांची झडती घेतली तेव्हा मी बाहेरच उभी होते,” ती म्हणाली. “मला वाटलं, आता चिठ्ठ्यांचं बोलले तर माझी डिग्री जाईल. म्हणून आत निघून गेले.”

बाईंना तिला रागवायचं होतं. पण रागवायला तोंड उघडावं तर काल आपणही तिथेच हात धूत होतो, हे आड आलं.

सहा नंबरचा घोडा कोणता, हे त्यांना विचारावं लागलं नाही. सहा नंबर म्हणजे ठिपकी, कपाळावर पांढरा डाग असलेली म्हातारी घोडी. पागेतल्या प्रत्येकाची लाडकी.

मग औषध तिच्यासाठी चोरलं होतं, की तांबड्याला मारण्यासाठी?

३

बाईंनी रात्रंदिवस पोटं वाचली होती, माणसं कमी. पण एक वाक्य त्यांच्या डोक्यात काट्यासारखं अडकलं होतं. त्या डॉक्टरांच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं.

“काल तांबड्याचं पोट उघडलं तेव्हा तुम्ही म्हणालात, याला तर औषध चालू होतं. पाकीट त्यानंतर तासाभराने फोडलं. तुम्हाला आधीच कसं ठाऊक?”

डॉक्टर बाईंचेच विद्यार्थी. केस पांढरे झाले होते, तरी बाईंसमोर अजून खुर्चीच्या कडेवर बसायचे. आधी ते म्हणाले की अंदाजाने बोललो. बाईंनी फक्त समोर तांबड्याच्या आतड्याचा फोटो ठेवला. जठराखालीही बारीक फोड होते. नुसत्या ॲसिडने तसे होत नाहीत. दुखण्यावरची भुकटी रोज पोटात गेली की होतात.

मग ते बोलले. दुसऱ्या आठवड्यात तांबडा लंगडायला लागला होता. स्वारीच्या शाळेला तो हवा होता, प्रयोग संपताच कामावर घ्यायचा होता. दुखण्यावरची भुकटी दिली तर लंगडणं थांबणार होतं, पण अल्सर असलेल्या घोड्याला ती देणं धोक्याचं. फक्त ॲसिड कमी करणारं औषध चालू असेल तरच देण्याचं धाडस करता आलं असतं. म्हणून त्यांनी एका दुपारी कपाट उघडून पाकीट वाफेवर सोडवलं आणि यादी पाहिली. तीन नंबरला औषध होतं. त्यांनी पाकीट पुन्हा चिकटवलं आणि भुकटी सुरू केली.

“मोतद्दाराला मी बजावून सांगितलं होतं, आधी पेस्ट, मग दुपारच्या दाण्यात भुकटी. पेस्ट चुकली तर याचं पोट फाटेल, असं याच शब्दांत. मुलीलाही सांगितलं होतं. कुणी विचारलं तर प्रयोगाबाहेरचं काही दिलं नाही म्हणून सांगा, असंही सांगितलं.”

“आणि काल मोतद्दाराला हाकललंत.”

“तुमच्या अहवालात होतं, बाई.”

हे त्यांनी उलटून म्हटलं नाही. पडलेल्या आवाजात म्हटलं, आणि म्हणूनच बाईंना ते तोंडात मारल्यासारखं लागलं.

बाहेर व्हरांड्यात येऊन त्या बाकावर बसल्या. डॉक्टरांनी प्रयोगाचा नियम मोडला होता, भुकटी दिली होती, लपवलीही होती. पण औषध त्यांनी बदललेलं नव्हतं. ज्या माणसाने औषधाच्या भरवशावर भुकटी सुरू केली, तो तेच औषध काढून कसं घेईल?

आणि हे मनात येताच बाईंना पुढचंही दिसलं. ते त्यांना नको होतं.

४

तरी त्या आधी मोतद्दाराला भेटायला गेल्या. तो एका लाकडाच्या वखारीत फळ्या रचताना सापडला. बाईंनी त्याला पिचकाऱ्यांचं सांगितलं. तुझी चूक नव्हती, मी घाईने लिहिलं, असं म्हणाल्या. त्याने डोक्यावरचा भुसा झटकला आणि ऐकून घेतलं.

“सोमवारी डबे भरून झाल्यावर त्या खोलीत कोण येत होतं?” त्यांनी विचारलं.

“खोगिराच्या खोलीत कोण कोण येतं, बाई. मी थोडाच बघत बसतो.”

बावीस वर्षांत कुठल्या घोड्याने कुठल्या दिवशी दाणा टाकला हे सांगू शकणारा माणूस. बाईंनी पुन्हा विचारलं. तो फळी उचलून दुसरीकडे ठेवून आला आणि मगच बोलला.

“ते इथंच सोडा. मी काम शोधलंय. घोडा मेला तो परत येत नाही.” मग त्याने विचारलं, “घरी सगळं बरं ना?”

निघताना त्यांनी त्याला नमस्कार केला. त्याने नजर चुकवली. त्याची ती नजर त्यांनी बुधवारीही पाहिली होती, पागेच्या दारात. तेव्हा त्यांना वाटलं होतं, हा अपराधी आहे म्हणून ओशाळलाय. आता कळलं. तो त्यांच्यासाठी ओशाळला होता.

परतीच्या रस्त्यात बाईंनी सगळं पुन्हा एकदा मांडलं, वर्गात मुलांसमोर मांडत तसं.

ज्याने डबे बदलले त्याला तांबड्याच्या दाण्यातली भुकटी माहीत नव्हती. माहीत असती तर भुकटी सुरू झाल्यावरही पुढच्या दोन सोमवारी त्याच घोड्याचं औषध काढलं नसतं. एकाचं काढून ठिपकीला द्यायचं तर औषध आणखी तीन डब्यांत होतं. भुकटीचं डॉक्टरांना ठाऊक होतं, मुलीला ठाऊक होतं, मोतद्दाराला ठाऊक होतं. म्हणजे प्रयोगातली तिन्ही माणसं सुटली. राहिला तो प्रयोगाबाहेरचा, पण पागेत रोज येणारा. ज्याला कुणी हटकत नाही. ज्याचा ठिपकीवर जीव. ज्याचं नाव मोतद्दाराच्या तोंडून निघणार नाही.

आणखी एक. त्याला यादी माहीत नव्हती, तरी कुठल्या डब्यात औषध आहे हे त्याने ओळखलं. आंबटाची खूण त्याला ठाऊक होती. ती पुस्तकात कुठेतरी आहे, पण पागेत येणारं कोण पुस्तक वाचतं? आजच्या आधी बाईंनी ती तोंडाने सांगितली होती एकदाच, प्रयोगाच्या पहिल्या आठवड्यात, रविवारी, जेवणाच्या टेबलावर. प्रयोगासाठी बनवताना उरलेली औषधाची थोडी पेस्ट बशीत काढून, वर लिंबू पिळून दाखवलं होतं. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन.

त्या टेबलावर दुसरं एकच माणूस होतं.

५

बाईंचे यजमान म्हणजे स्वारीच्या शाळेतले मास्तर. तेही निवृत्त झाले होते. पागेत सगळे त्यांना अजून मास्तरच म्हणत. रोज सकाळी फिरायला म्हणून निघत आणि पागेत जाऊन ठिपकीच्या मानेवरून हात फिरवून येत. एकोणीस वर्षं त्या घोडीने त्यांच्या शाळेतली पोरं पाठीवर वागवली होती, एकालाही पाडलं नव्हतं.

बाई घरी आल्या तेव्हा ते खिडकीशी बसून पेपर वाचत होते. बुधवारपासून ते पागेत गेले नव्हते. गुडघा दुखतोय म्हणाले होते. बाईंनी गुडघ्याला लावायचं मलम आणून दिलं होतं.

त्या समोरच्या खुर्चीत बसल्या. चपला काढायच्याही राहिल्या.

“अहो, ठिपकीचे अल्सर भरलेत,” त्या म्हणाल्या. “मागच्या आठवड्यातला फोटो मीच वाचला. आतून सगळं गुलाबी झालंय. नुसत्या पेस्टवर इतकं भरलं कसं, म्हणून मी दोनदा पाहिला.”

मास्तरांनी पेपर खाली ठेवला. घडी नीट घातली. मग ती पुन्हा उघडून पुन्हा घातली.

“तुला कळलं,” ते म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं, तेही एका दमात नाही. मधे मधे ते उठून खिडकीशी जात होते. ठिपकी दात खायला लागली होती. दाणा हुंगून तोंड फिरवायची. पहिल्या आठवड्यात त्यांनी बाईंना विचारलं होतं, तिला औषध मिळतंय का. बाई म्हणाल्या होत्या की मलाही माहीत नाही, आणि माहीत असतं तरी सांगितलं नसतं. मग त्या रविवारी बशीत लिंबू पिळून दाखवलं. सोमवारी सकाळी मास्तर खिशात लिंबाची फोड घेऊन गेले. आठही डब्यांतली एकेक पिचकारी कणभर दाबून पाहिली. ठिपकीची पांढरी निघाली.

“तांबडाच का?” बाईंनी विचारलं.

“तो नवीन होता. धष्टपुष्ट दिसत होता, दाणा संपवत होता. त्याचं कुणी नव्हतं.” ते थांबले. “त्याचं कुणी नव्हतं म्हणून. खरं हेच आहे. बाकीच्या घोड्यांवर मी पोरं शिकवली होती.”

मग ते दर सोमवारी जात राहिले. दुसऱ्याच सोमवारी मोतद्दाराने त्यांना हातात पिचकाऱ्यांसकट पाहिलं. तो पाण्याची बादली उचलून निघून गेला. त्याला वाटलं असणार की मास्तर करताहेत ते बाईंच्या सांगण्यावरून. नंतर झडती झाली तेव्हा कळलं असेल, तसं नव्हतं.

“आणि तुम्ही?” बाई म्हणाल्या. “तुम्हाला झडतीचं त्याच दिवशी दुपारी मी सांगितलं. तुम्ही जेवत होतात.”

“हो.”

“तुम्ही दुसऱ्यांदा भात घेतलात.”

मास्तर खाली पाहत राहिले. सत्तरीचा, ताठ पाठीचा माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांना पाठ ताठ ठेवायला शिकवलेला. त्यांच्या खांद्यात आता काही राहिलं नव्हतं.

“सांगतो, सांगतो म्हणत होतो,” ते म्हणाले. “आज सकाळी उठून ठरवलंही होतं. दाढी करेपर्यंत धीर टिकला.”

बाईंना त्यांचा राग आला, आणि त्या रागाला धरून ठेवायला काही मिळेना. हा माणूस चुकला, गप्प बसला. पण आंबटाची खूण दाखवली कुणी? अहवालात ती ओळ लिहिली कुणी? पिशवीची झडती होत असताना नळ चालू ठेवून उभं कोण होतं? चाळीस वर्षांच्या संसारात ती दोघं अशी समोरासमोर, एकमेकांकडे न पाहता पहिल्यांदाच बसली होती.

“उद्या मी तुमचं नाव सांगणार आहे,” बाई म्हणाल्या.

“नको,” मास्तर म्हणाले. “मी सांगतो. तू नुसती शेजारी बस.”

६

शुक्रवारी डॉक्टरांच्या खोलीत चौघं बसली. मास्तरांनी उभं राहून सांगितलं. आवाज फुटला, पण वाक्यं पुरी केली. ते बसल्यावर डॉक्टरांनी पाकिटाचं आणि भुकटीचं स्वतःहून सांगितलं आणि कागदावर लिहून सही केली. मग मुलीने नोंदवही पुढे सरकवली. त्या खोलीत कुणी कुणाला बोल लावला नाही. बोल लावण्याच्या जागेवर कुणी उरलंच नव्हतं.

बाईंनी आपला पहिला अहवाल मागून घेतला. फाडला नाही. त्या ओळीवर आडवी रेघ मारून खाली लिहिलं की, ‘हे वाक्य मी पुरावा न पाहता लिहिलं. मोतद्दाराने प्रत्येक डोस दिला आहे.’ खाली सही आणि तारीख.

प्रयोग रद्द झाला. आठ घोड्यांचे सगळे आकडे बाद. ॲसिड कमी झालं की घोड्याच्या पोटातली जखम किती सुंदर भरते, याचा बाईंनी पाहिलेला सर्वांत स्पष्ट फोटो ठिपकीचा होता, आणि तो कुठेही छापता येणार नव्हता. बाईंनी तो पाकिटात घालून वर ‘ग्राह्य नाही’ असं लिहिलं.

कामावर परत येण्याचं पत्र डॉक्टर शिपायाबरोबर पाठवणार होते. मास्तर म्हणाले, मी नेतो, आणि बाईही त्यांच्याबरोबर निघाल्या.

मोतद्दाराचं घर एका लांबट इमारतीत दुसऱ्या मजल्यावर होतं. व्हरांड्यात ओळीने दारं, दारांपुढे वाळत घातलेले कपडे. मोतद्दाराने दार उघडलं आणि दोघांना पाहून गडबडीने आतली सतरंजी झटकली. मास्तरांनी बसायच्या आधीच पत्र दिलं आणि सगळं सांगून टाकलं. मोतद्दार दारातच उभा राहून ऐकत होता.

“मला ठाऊक होतं, मास्तर,” तो म्हणाला.

“तरी तू बोलला नाहीस.”

“घोड्यावर बसायला तुम्ही शिकवलं मला. पागेत हुंदडणारं पोर होतो मी. कसं बोलणार?” मग त्याने पत्राची घडी केली, पण खिशात ठेवली नाही. “मी येईन कामावर. घोडे उपाशी नाही ठेवायचे. पण माझं एक काम करा. आत माझे वडील आहेत. माझ्याआधी पागेत तेच होते. त्यांना कुणीतरी येऊन सांगितलंय की मी औषध चोरून विकलं आणि घोडा मारला. त्यांनी दोन दिवस माझ्या हातचं पाणी घेतलेलं नाही. माझं ते ऐकत नाहीत. तुमचं ऐकतील.”

आतल्या खोलीत खाटेवर एक सुकलेला म्हातारा भिंतीकडे तोंड करून पडला होता. मोतद्दाराने हाक मारली तरी हलला नाही. त्याला फार कमी ऐकू येत असे. मास्तर खाटेच्या कडेला बसले आणि त्याच्या खांद्याला हात लावला. म्हातारा वळला. मास्तरांना ओळखून त्याने उठायची धडपड केली, हात जोडले, पोराबद्दल माफी मागायला लागला. घराण्याला काळिमा लावला पोराने, असं काहीतरी पुटपुटत होता.

मास्तरांनी त्याचे जोडलेले हात धरून खाली केले.

“त्याने नाही केलं,” ते म्हणाले. “मी केलं.”

“काय?” म्हाताऱ्याने कान पुढे केला.

“औषध मी बदललं. घोडा माझ्यामुळे गेला.”

“कुणामुळे?”

मास्तरांनी बाईंकडे पाहिलं. बाई अजून व्हरांड्याकडच्या दाराच्या चौकटीत उभ्या होत्या. मागे व्हरांड्यात शेजारीण दोरीवरचे कपडे काढता काढता थांबली होती. पलीकडचं एक दार उघडलं होतं. बाईंना वाटलं, दार लावून घ्यावं. त्यांचा हात कडीपर्यंत गेलाही. मग त्यांनी तो मागे घेतला आणि दार पूर्ण उघडं केलं.

मास्तरांनी श्वास भरून घेतला. मैदानाच्या दुसऱ्या टोकाच्या स्वाराला ज्या आवाजात हुकूम देत, त्या आवाजात, शब्द सुटा सुटा करून ते म्हणाले, “तुझ्या मुलाने काही केलेलं नाही. मी केलं. आणि त्याच्यावर आळ आला तेव्हा मी गप्प बसलो.”

म्हाताऱ्याने मास्तरांच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. मग त्याने त्यांच्या हातातून आपले हात सोडवून घेतले, मान वळवली आणि मुलाला म्हणाला, “पाणी दे.”

मोतद्दाराने तांब्या भरून आणला. म्हातारा मास्तरांच्या देखत घटाघटा पाणी प्यायला. मास्तरांना कुणी पाणी विचारलं नाही, आणि ते उठेपर्यंत मान खाली घालून तिथेच बसून राहिले.